कानोसा आणि बारा बशा

"मॅडम, अळिंबीला माणसांचा राग येतो का?"

झेलम कापगते उभी राहून एवढं विचारून मोकळी झाली. चिखलबोडीच्या समाजमंदिरात असा हशा उसळला, की सरपंचबाईंच्या कपातला चहा बशीत आला. मागच्या रांगेत मनाली शहारे आणि प्राची लांजेवार ओढणीत तोंड खुपसून खुसखुसत होत्या. पैज त्यांचीच होती. नागपूरहून आलेल्या एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ बाईंना भर सभेत हा प्रश्न विचारला, तर महिनाभर झेलमचं दप्तर मनाली उचलणार. मागच्या वर्षीची झेलम असती तर मेली असती पण उठली नसती. तेव्हा हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा तिचा आवाज घशातच राहायचा. पण यंदा तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ती तीनशे लोकांसमोर अर्धा तास बोलली, आणि तिला एक भन्नाट शोध लागला: बोललं की काही होत नाही. जीव जात नाही. उलट मजा येते!

"बस वो पोट्टे खाली!" पुढून तिचे बाबा ओरडले. हेमराज कापगते, अळिंबीघराचे अध्यक्ष. सभेत अध्यक्षाच्याच मुलीनं असा प्रश्न विचारावा, म्हणजे काय!

पण डॉ. टेंभुर्णे हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "राग येतो का, ते मला माहीत नाही. पण त्रास होतो, आणि झाला की ती सांगते. ते ऐकण्यासाठीच मी हे यंत्र घेऊन आले आहे."

यंत्राचं नाव होतं कानोसा. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, आणि तिच्यातून निघालेल्या केसासारख्या बारीक दोनशे सुया. मॅडमनी समजावलं ते झेलमला जन्मभर विसरता येणार नव्हतं. आपण खातो ती छत्री म्हणजे नुसतं फळ. खरी अळिंबी असते पिशवीच्या आत, भाताच्या तणशीत, म्हणजे वाळलेल्या पेंढ्यात, पसरलेलं पांढऱ्या धाग्यांचं जाळं. या धाग्यांमधून विजेचे अगदी क्षीण ठोके सतत धावत असतात. तहान लागली की एका चालीत, गुदमरलं की दुसऱ्या चालीत, आणि एखादी परकी बुरशी अंगावर चालून आली की फार जोरात, एकामागून एक. कानोसाला या चाली शिकवलेल्या होत्या.

"आणि माणसांचं म्हणाल," मॅडम झेलमकडे बघत म्हणाल्या, "तर प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टी असेल. कोण कधी आत आलं, कुठल्या पिशवीला हात लावला, ते यंत्राला कळेल. अळिंबी ओरडली की आधीच्या तासाभरात कुणाचा हात लागला होता, ते फलकावर येईल. म्हणजे चूक कुठे झाली ते लगेच सापडेल."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात बाबांच्या. झेलमला अभिमानानं दोन इंच उंच झाल्यासारखं वाटलं.

ही गोष्ट दोन हजार एकोणचाळीस सालच्या कार्तिकातली. त्याआधी लागोपाठ तीन वर्षं पावसानं झाडीपट्टीचा धान असा काही हुलकावण्या देऊन नासवला होता, की भात कसाबसा पुरला तरी त्यासोबत डाळ घ्यायला पैसा नव्हता. शाळेत मुलं परिपाठाला चक्कर येऊन पडायची. पूर्वी लोक पावसाळ्यात वारुळाजवळच्या सात्या, म्हणजे रानातल्या अळिंब्या, शोधून आणायचे, वर्षातून चार दिवस चंगळ. मग गावानं ठरवलं, सात्यांची वाट कशाला बघायची? जुन्या भातगिरणीच्या गोदामात अळिंबीघर उभं राहिलं. ज्यांच्याकडे शेत, ते तणीस देणार. सगळे आपापली बारी करणार, म्हणजे ठरल्या वेळी येऊन काम करणार. आणि रोज निघालेली अळिंबी एकशे बारा घरांत वाटली जाणार. आता परिपाठाला कुणी पडत नव्हतं. झेलमच्या वर्गातली पोरं उलट "आज पन अळिंबीच?" म्हणून नाक मुरडायला लागली होती, आणि पोट भरल्याशिवाय कुणी नाक मुरडत नाही.

नियम एकच, आणि तो बाबांनी घातलेला: बारी नाही, तर वाटा नाही.

मनालीच्या आईकडे, म्हणजे भूमेश्वरीकाकूंकडे, शेत नव्हतं. त्यांच्याकडे द्यायला तणीस नव्हती, होते फक्त दोन हात. म्हणून त्यांनी रोज सकाळची फवारणीची बारी मागून घेतली होती. पहाटे उठून, आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून त्या पिशव्यांवर पाणी शिंपडायच्या, इतक्या हळू, की जणू निजलेल्या पोराच्या तोंडावरून हात फिरवतात.

कानोसा बसला आणि आठव्या दिवशी फलकावर पहिला लाल ठिपका आला. भूमेश्वरी शहारे. दहाव्या दिवशी दुसरा. भूमेश्वरी शहारे. मग तिसरा, मग पाचवा. ज्या पिशव्या अळिंबीनं ओरडून दाखवल्या होत्या, त्यांच्यावर एक-दोन दिवसांत खरंच हिरवी बुरशी चढली. चाळीस पिशव्या बाहेर काढून जाळाव्या लागल्या. वाटे अर्ध्यावर आले.

"यंत्राले का भूमेश्वरीशी दुश्मनी हाय?" पारावर लोक म्हणायला लागले. "बाई कुठी हात घालून येते, कोनाले मालूम!"

बाबांनी काकूंची पट्टी आठ दिवसांसाठी बंद केली. येत्या रविवारी सभा. सभेनं हात वर केले की पट्टी कायमची बंद, आणि पट्टीबरोबर वाटाही.

"बाबा, काकू असं करनार नाई जी," झेलम जेवताना म्हणाली.

"मी कुठी म्हनतो की मुद्दाम केलं?" बाबांनी भाताचा घास तसाच धरला. "मले काय तिचं वाईट करायचं हाय? पन एकशे बारा घरं हायत, बेटा. नियम म्हनजे नियम. उद्या माह्या नावावर लाल ठिपका आला, तर मी पन बाहेर."

ते खोटं बोलत नव्हते. बाबांचं तसंच होतं. सकाळी स्वतःच्या खांद्यावर तणशीचे भारे वाहायचे, संध्याकाळी नव्या पिशव्या भरून स्वतः टांगायचे, आणि मधल्या वेळात गावभराच्या लाखोरी-हरभऱ्यासारख्या कडधान्यांच्या बियाण्याला औषध लावून द्यायचे. फलकावर त्यांच्या नावापुढे एकही ठिपका नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेत मनालीनं जागा बदलली. ती प्राचीच्या पलीकडे जाऊन बसली.

"माझं दप्तर?" झेलमनं हसून बघितलं. पैजेचे अजून काही दिवस बाकी होते.

"तुझ्या बाबांले सांग उचलायला," मनाली म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "माही आई रात्रभर हात घासत होती, झेलम. राखेनं. लिंबानं. म्हने माह्या हातात काही खोट असन. चामडी सोलून निघाली तिची. तुले मजा वाटते ना बोलायची? मग आता बोल ना!"

झेलमला बोलता आलं नाही. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच.

पण गप्प बसून करायचं काय? मधल्या सुट्टीत ती थेट प्रयोगशाळेत शिरली. हातात खोट असेल तर ती दिसली पाहिजे. डोळ्यांना दिसत नसेल, तर वाढवून दिसली पाहिजे! कपाटात झाकणवाल्या काचेच्या बारा बशा होत्या. विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, "कशाला हव्यात?" झेलम म्हणाली, "न्यायासाठी." बाईंनी वर बघितलं आणि किल्ली दिली.

आईनं मात्र प्रश्नांचा भडिमार केला, कारण तिचा कुकर झेलमनं पळवला होता. देवांगना कापगतेंच्या कुकरमध्ये भाताच्या पेजेत चायना ग्रास आणि चमचाभर साखर घालून वीस मिनिटं शिट्ट्या झाल्या. बशाही तशाच उकडल्या. पेज बशांत ओतली आणि थिजून तिची खरवसासारखी पांढरट वडी झाली.

"हे खायचं हाय का?" आईनं विचारलं.

"नाई वो आई! यात लोकांचे अंगठे लावायचेत."

"बाप्पा!" आई म्हणाली. "शिकून शिकून पोरगी वाया गेली."

बुधवारी संध्याकाळी झेलम आणि प्राची घरोघर फिरल्या. ज्यांच्या ज्यांच्या बाऱ्या खराब झालेल्या पिशव्यांच्या ओळीत होत्या, त्या सगळ्यांचे अंगठे घेतले. हात आहेत तसेच, मुद्दाम धुवायचे नाहीत. म्हातारे शामरावबुवा म्हणाले, "जमीन लिवून घेतं का वो माही?" दोघी हसून लोळायच्या बाकी राहिल्या. भूमेश्वरीकाकूंच्या दारात मात्र झेलमचे पाय अडखळले. मनाली दार धरून उभी होती.

"येऊ दे तिले," आतून काकू म्हणाल्या. त्यांनी अंगठा पुढे केला. तो सालटं निघून लाल झाला होता. "दाब. जोरात दाबलं तरी चालन."

घरी परतल्यावर एक बशी उरली. बाबा नुकतेच अंगणातला, बियाण्याला औषध लावायचा ड्रम फिरवून आले होते, पायरीवर बसून पाणी पीत होते.

"का चाललं हे अंगठ्याचं?" त्यांनी विचारलं, आणि ऐकून घेतल्यावर मोठ्यानं हसले. "घे, माहा पन घे! अध्यक्षाले काय सूट असते का?" बशीच्या तळाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्यांनी स्वतःच झोकात नाव लिहिलं.

बारा बशा मग झेलमच्या अभ्यासाच्या टेबलाखाली, खोक्यात.

गुरुवारी काही नाही. शुक्रवारी जवळजवळ सगळ्या बशांत काही ना काही उगवलं होतं, कुठे पिवळट थेंब, कुठे गुलाबी टिकल्या. माणसाच्या हातावर केवढं गाव नांदत असतं! एका बशीत मात्र कापसासारखं पांढरं काही पसरत होतं. झेलमनं मुद्दाम नाव बघितलं नाही. पूर्ण होईपर्यंत बघायचं नाही, असं तिनं स्वतःलाच बजावलं होतं. उगाच मनासारखं दिसायला लागतं.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर ती धावत घरी आली, खोकं ओढून उघडलं.

कापूस हिरवा झाला होता. गर्द, शेवाळासारखा. अळिंबीघरातून काढून जाळलेल्या पिशव्यांवर होता अगदी तोच रंग. आणि हा रंग तिनं आणखीही एका ठिकाणी रोज बघितला होता. अंगणातल्या ड्रमवर.

तिनं बशी फिरवून नाव वाचलं. श्री. हेमराज कापगते.

मग भूमेश्वरीकाकूंची बशी उचलली. तिच्यात चार पांढरे ठिपके होते. हिरवं औषधालाही नव्हतं.

झेलमनं डॉ. टेंभुर्णेंना फोन लावला. फोटो पाठवले. अंगणातल्या औषधाच्या पुड्याचाही पाठवला.

"ट्रायकोडर्मा," मॅडम फोटो बघून म्हणाल्या. "ही बुरशी खाणारी बुरशी आहे, झेलम. हरभऱ्याच्या मुळाला जी रोगाची बुरशी लागते, तिला ही खाऊन टाकते. म्हणून शेतकरी ती बियाण्याला लावतात, आणि अगदी बरोबर करतात. पण अळिंबी हीसुद्धा बुरशीच. ट्रायकोडर्माला त्यातला फरक काय कळणार? दिसली की खाल्ली."

"पण बाबांच्या नावावर एकही ठिपका नाही, मॅडम! कानोसा काकूंचंच नाव का घेतो?"

"तुझ्या बशीत हिरवं कधी दिसलं?"

"तिसऱ्या दिवशी."

मग मॅडमचा आवाज बदलला, एकदम लहान झाला. "आमची चूक आहे. प्रयोगशाळेत आम्ही आधीच वाढलेली, जागी बुरशी पिशवीत टाकायचो. अळिंबी तासाभरात ओरडायची. म्हणून यंत्राला शिकवलं, तासाभरातला हात शोध. तुमच्याकडे मात्र तिचे कण हातावर, सदऱ्याच्या बाहीवर निजलेले येतात. संध्याकाळी पिशवी टांगली की आत जातात, दोन दिवस पडून राहतात. तोवर ओलीनं जागे होतात, आणि तिसऱ्या सकाळी पाणी पडलं की हल्ला करतात. आणि त्या तासाला पाणी कोण घालतं?"

"काकू," झेलम म्हणाली.

"अळिंबी खरं ओरडली. नाव आम्ही चुकीचं घेतलं."

फोन ठेवल्यावर दोन्ही बशा दप्तरात घालून झेलम सायकलवर बसली ती थेट मनालीच्या दारात उतरली. काही बोलायच्या आधी तिनं काकूंची बशी पुढे केली. मनालीनं बघितलं, आईला हाक मारली, आणि भूमेश्वरीकाकू ती बशी दोन्ही हातांत धरून अंगणातच खाली बसल्या. रडल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या, स्वतःच्या अंगठ्याचे उमटलेले ते चार ठिपके.

"माहा हात चांगला हाय म्हनजे?"

"एकदम चांगला, काकू."

"हे पाह्य मनाली," काकू म्हणाल्या, "चांगला हाय." आणि त्यांनी एवढा लांब श्वास सोडला, की आठ दिवस कोंडून ठेवला होता की काय असं वाटावं.

"मग कोनाचा वाईट हाय?" मनालीनं विचारलं.

खोटं सांगणं किती सोपं होतं! "उद्या सांगते," ती म्हणाली. "आधी घरी सांगायचंय." मनाली हुशार होती. तिला कळलं. तिनं झेलमचं दप्तर सायकलवरून काढलं, झेलमच्या घराच्या वळणापर्यंत खांद्यावर आणलं आणि तिथे तिच्या हातात दिलं.

बाबा ओट्यावर बसले होते. आई शेजारी लाखोरीची भाजी खुडत होती. झेलमनं दोन बशा त्यांच्यापुढे ठेवल्या. एक पांढरी, एक हिरवी. नावं खालच्या बाजूला.

"सापडला!" बाबा उसळून म्हणाले. "कोन हाय हा? उद्या सभेतच..." आणि त्यांनी बशी उलटी केली.

आईच्या हातातली भाजी थांबली.

झेलमनं सगळं सांगितलं. ड्रम, पुडा, निजलेले कण, तिसरी सकाळ. भरभर सांगितलं, कारण हळू सांगितलं असतं तर मध्येच रडू आलं असतं. बाबा आपले हात उलटे-सुलटे करून बघत होते. नखांच्या कडेला अजून हिरवट भुकटी होती.

"पन हे तर औषध हाय," ते पुटपुटले. "चांगल्यासाठीच लावतो मी."

"चांगलंच हाय, बाबा. हरभऱ्याले."

"चाळीस पिशव्या, म्हनजे... माह्या हातानं?" त्यांचा चेहरा बघवेना. मग एकदम मान वर करून त्यांनी विचारलं, "जाते का हे? का जन्माचं लागलं?"

"साबनानं जाते! मॅडम म्हणाल्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, सदरा बदलायचा, आणि ज्या दिवशी ड्रम फिरवाल त्या दिवशी अळिंबीघरात पाय ठेवायचा नाही. बस एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच जी."

आई आधी हसली. पदर तोंडाशी नेऊन, खांदे हलवत. "मी बारा वर्षं सांगते, हात धुऊन या, हात धुऊन या. आता पोरीच्या बशीनं सांगतलं तवा ऐकाल!" मग बाबांनाही हसू फुटलं, ओलसर, अर्धवट, पण हसूच. आठ दिवस घरात जे काही दाटून राहिलं होतं ते कुठेतरी सैल झालं.

हसू ओसरल्यावर बाबा खाली बघत म्हणाले, "मग असं करू, झेलम. उद्या मी भूमेश्वरीची पट्टी चालू करून टाकतो. म्हनतो, यंत्र बिघडलं होतं. मॅडम पन तेच म्हनतात ना? उगाच सभेत माहं नाव कायले? बियाण्याले औषध लावायचं लोक सोडून देतीन."

क्षणभर झेलमला ते पटलंसुद्धा. काकूंना वाटा मिळणार, बाबांची मान ताठ राहणार, बिघडलं काय? पण यंत्र बिघडलं म्हटलं, की पारावरची माणसं डोळा मिचकावणार: अध्यक्षानं दया केली बाईवर. आणि काकू पुन्हा रात्री राखेनं हात घासत बसणार.

"झेलमचे बाबा," आई एवढंच म्हणाली, आणि लेकीकडे बघायला लागली.

झेलम उठून उभी राहिली. घरच्या ओट्यावर कुणी असं उभं राहून बोलत नाही, पण तिला बसून बोलताच येईना.

"बाबा, आई, ऐका. मी ठरवलंय. उद्या सभेत मी बोलणार आहे. दोन्ही बशा सगळ्यांना दाखवणार, नावासकट. आधी आपल्या घरातर्फे भूमेश्वरीकाकूंची माफी मागणार, मग औषध कुठे लावायचं नि हात कुठे धुवायचे ते सांगणार. बाबा, तुम्ही माझ्याआधी उठून बोललात, तर मला जगात सगळ्यात जास्त आनंद होईल. नाही उठलात, तरी मी बोलणारच."